पाहुण्यांची जागा आणि फेस्लरची होडी

घडीची खुर्ची म्हणजे नुसती बसायची वस्तू नव्हे, हे पिट्सबर्गमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. गाडी लावायच्या जागेत ती मांडली की जागा तुमची झाली. मग खुद्द बिशप आला तरी त्याने मुकाट्याने पुढे जाऊन दुसरी जागा शोधायची. असा काही कायदा नाही. पण कायदे मोडणारे पैशाला पासरी मिळतील, खुर्ची हलवणारा सापडायचा नाही.

तो मेपल रिज सोसायटीत सापडला, आणि तोही ऐन थँक्सगिव्हिंगच्या दिवशी.

नॉर्बर्ट फेस्लर हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. (आयुष्यभर लोकांना पाण्याची बिलं पाठवली, पण स्वतःला पोहायला काही आलं नाही.) त्या दिवशी त्याची मेहुणी जॉइस जेवायला यायची होती आणि येताना घरून भाजलेली टर्की आणायची होती. मेपल रिजमध्ये भिंतीला भिंत लागून घरं. प्रत्येकाला एक गॅरेज आणि गॅरेजसमोर एका गाडीपुरता उतार. शिवाय चौकातल्या मेपलच्या झाडाखाली पाहुण्यांच्या गाड्यांसाठी दोन जागा. त्यातल्या एकीत नॉर्बर्टची तपकिरी गाडी बारा महिने उभी असायची. ती जागा पाहुण्यांची, हे खरं. पण ती गाडी तिथे इतकी वर्षं उभी होती की ती पाहुणी आहे असं आता तिलाही वाटत नसावं. दुसऱ्या जागेत नॉर्बर्टने सकाळीच घडीची खुर्ची मांडली आणि निश्चिंत मनाने बटाटे सोलायला बसला.

जॉइस आली तेव्हा खुर्ची घडी घालून झाडाला टेकवलेली होती आणि तिच्या जागी शेजारच्या रुडी कोव्हाचची लांबलचक लाल पिकअप उभी होती. जॉइसने गाडी पार खाली फाटकाशी लावली, टर्कीचं ताट दोन्ही हातांत धरलं आणि चढावर पाय टाकला. रात्री बर्फ पडलं होतं. जॉइस तिथल्या तिथे बसली. टर्की मात्र बसली नाही. ती ताटासकट घरंगळत, वळण घेत, थेट फाटकाबाहेर हमरस्त्यावर गेली आणि तिथे एका ट्रकने तिचा कारभार आटोपला.

नॉर्बर्ट अॅप्रनसकट कोव्हाचच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोव्हाच! तू माझी खुर्ची हलवलीस?"

रुडी कोव्हाच छपरं घालायचं काम करून म्हातारा झालेला दांडगा गडी. टर्कीची तंगडी चघळतच दार उघडायला आला होता.

"हलवली. मग?"

"अरे, खुर्ची! खुर्ची हलवलीस!"

"ती जागा पाहुण्यांची आहे फेस्लर, खुर्च्यांची नाही."

"आणि तू काय पाहुणा आहेस?"

"तुझी गाडी तिथे बारा महिने पडलेली असते. तू कुठून आलायस, आणि परत कधी जायचा विचार आहे?"

यावर बिनतोड उत्तर नॉर्बर्टला सुचलं, पण ते घरी परतून बटाटे खाताना. त्या दिवशी फेस्लरांकडे नुसते बटाटेच होते. जॉइस उशीवर एका अंगाने कलून बसली होती आणि दर घासाला "टर्की काय सुरेख झाली होती गं," असं म्हणत होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय माणसांसारखाच गाड्यांनाही लागू आहे. कोव्हाचची पिकअप नॉर्बर्टच्या डोळ्यांत खुपायला लागली. खरं म्हणजे बिचाऱ्या पिकअपचाही इलाज नव्हता. ती गॅरेजात मावत नव्हती, दारच्या उतारावर लावली तर तिचं शेपूट पदपथावर यायचं. पण नॉर्बर्टचं म्हणणं, अंथरूण पाहून पिकअप घ्यावी.

जानेवारीत सोसायटीची वार्षिक सभा झाली. या सभेला लोक फक्त डोनटसाठी येतात. तोंडात डोनट कोंबून गप्प बसायचं आणि हात वर करायचे, अशी तिथली जुनी रीत. कारण जो तोंड उघडून तक्रार करतो, त्याच्याच गळ्यात त्या तक्रारीची समिती मारायची, हा सोसायटीच्या अध्यक्ष ट्रॅमेलबाईंचा खाक्या होता. गेल्या वर्षी "कचऱ्याच्या डब्यांना वास येतो" असं म्हणणारा एक सज्जन अजूनही डबे हुंगत फिरत होता. हे सगळं ठाऊक असूनही नॉर्बर्ट उठला. मार्लीनने, म्हणजे बायकोने, त्याची बाही खेचली. बाही उसवली, पण नॉर्बर्ट बसला नाही.

"पार्किंगची शिस्त पार रसातळाला गेलीय," तो म्हणाला.

"अगदी बरोबर बोललात," ट्रॅमेलबाई आनंदाने म्हणाल्या. "पार्किंग समितीचे अध्यक्ष, श्री. फेस्लर. टाळ्या!"

माणसाला चाळीस वर्षांत कुणी अध्यक्ष म्हटलेलं नसलं की ते डोक्यात चढायला वेळ लागत नाही. नॉर्बर्टने चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घेतलं. कमरेला मोजायचा टेप लावला. नियम मोडणाऱ्यांच्या काचेवर डकवायला नारिंगी चिकटपट्ट्या आणल्या. त्या इतक्या चिवट होत्या की एका गृहस्थाने आपली पट्टी खरवडता खरवडता काच बदलायचा निर्णय घेतला. मार्लीन म्हणाली, "जाकीट निदान जेवताना तरी काढ." नॉर्बर्ट म्हणाला, "नियमाला सुट्टी नसते."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्याने आपले नियम मांडले. पाहुण्यांच्या जागेत रहिवाशांनी गाडी लावायची नाही. पांढऱ्या रेषेबाहेर जाणारी गाडी आवारात चालणार नाही. (हे दोन्ही पिकअपकडे बघून.) आणि कुठल्याही प्रकारची होडी आवारात उघड्यावर दिसता कामा नये. (कोव्हाचची मासे धरायची पत्र्याची होडी त्याच्या दाराशी असायची, हे तिच्याकडे बघून.) एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून नियम मोडला तर गाडी थेट उचलून नेणार. त्यासाठी उचलगाडीवाल्याशी बोलणं झालेलं होतं. तो आपण होऊनच फेऱ्या मारणार होता.

"पण मग लोकांनी गाड्या लावायच्या कुठे?" ट्रॅमेलबाईंनी विचारलं.

इथे नॉर्बर्टने थांबायला हवं होतं. पण व्याख्यान रंगात आलं होतं.

"गॅरेजमध्ये!" तो कडाडला. "गॅरेज गाडीसाठी असतं! अडगळीसाठी नाही! प्रत्येक गॅरेजात गाडी मावलीच पाहिजे, आणि ती मावते का नाही हे दर वर्षी घरोघर जाऊन तपासलं पाहिजे!"

सगळ्यांना आपापल्या गॅरेजमधली फुगवायची सांताक्लॉजं, मोडक्या सायकली आणि न वापरलेली व्यायामाची यंत्रं आठवली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मार्लीन उभी राहिली होती.

"माझा पाठिंबा," ती म्हणाली.

"आणि सुरुवात अध्यक्षांच्या गॅरेजपासून," मागून कोव्हाच ओरडला. सगळे हात एकदम वर गेले.

मार्लीनने पाठिंबा का दिला, ते कळायला फेस्लरांच्या गॅरेजात डोकावायला हवं. तिथे होडी होती.

नॉर्बर्ट ती होडी अकरा वर्षं बांधत होता. देवदाराच्या पातळ पट्ट्या एकीला एक जोडून, घासून, पुसून केलेली, सतरा फुटांची. तरुणपणी त्याने मार्लीनला लग्नाचं विचारलं ते उत्तरेच्या तळ्यावर, भाड्याच्या होडीत. ती होडी गळकी होती. मार्लीन "हो" म्हणाली, आणि लगेच पुढे "आता पाणी उपस" असंही म्हणाली. तेव्हाच त्याने शब्द दिला होता, की एक दिवस मी माझ्या हाताने होडी बांधीन, तिच्यात पाण्याचा एक थेंब येणार नाही, आणि तुला तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेईन. मार्लीनला ते ऐकून फार गोड वाटलं होतं. पण होडी गॅरेजात आल्यापासून तिची स्वतःची गाडी बाहेर उतारावर आली होती. दर हिवाळ्यात, रोज सकाळी, दवाखान्यातल्या कामावर जायच्या आधी ती काचेवरचं बर्फ खरवडत उभी असायची. आत होडी उबेत निजलेली असायची. अकरा हिवाळे बर्फ खरवडल्यावर गोड शब्दही जरा कडसर लागतात.

घरी येताना नॉर्बर्ट म्हणाला, "तू माझ्याविरुद्ध मत दिलंस?"

"मी नियमाच्या बाजूने दिलं. गॅरेज गाडीसाठी असतं. कुणीतरी मोठ्या माणसाने म्हटलंय."

"मार्लीन, होडी जवळजवळ झालीच आहे."

"नॉर्ब, ती तीन वर्षांपूर्वी झाली. तेव्हापासून तू तिला नुसतं व्हार्निश पाजतोयस. एक तर तिला तळ्यात सोड, नाहीतर विकून टाक. मला काही नको, फक्त एक हिवाळा कोरड्या काचेची गाडी दे."

होडी विकायची कल्पनाच नॉर्बर्टला सोसत नव्हती. आणि तळ्यात सोडायची त्याहूनही सोसत नव्हती, पण ते त्याने कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मग त्याने शक्कल काढली. होडी छताला टांगायची, खाली गाडी लावायची. साप भी मरे, लाठी भी न टूटे. तीन दिवस कप्प्या आणि दोर यांच्याशी झटून त्याने होडी छतापर्यंत चढवली. खाली मार्लीनची गाडी अगदी चपखल बसली. नॉर्बर्टने अभिमानाने तिला बोलावलं, आणि ती खरोखर हरखली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून ती गाडीत बसली आणि तिने दार उघडायचं बटण दाबलं.

गॅरेजचं दार वर सरकत जाऊन छताशी आडवं होतं, ही गोष्ट नॉर्बर्ट वर्षानुवर्षं रोज बघत होता. बघणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. दार वीतभर वर गेलं, होडीच्या टोकाला जाऊन भिडलं, कण्हलं आणि तिथेच थांबलं.

"नॉर्बर्ट," आतून शांत आवाज आला. मार्लीन पूर्ण नाव घ्यायची तेव्हा परिस्थिती गंभीर असायची. "दार उघडत नाहीये."

"होडीमुळे. होडी उतरवावी लागेल."

"मग उतरव."

"खाली तुझी गाडी आहे."

"मग गाडी बाहेर काढते."

"दार उघडत नाहीये."

त्या दिवशी मार्लीन बसने कामाला गेली. नॉर्बर्ट कोडं सोडवत बसला तो संध्याकाळपर्यंत. शेवटी होडी गाडीच्याच टपावर उतरवून दोन्ही एकदम बाहेर काढावी लागली, आणि होडी पुन्हा आत गेली.

एप्रिलच्या त्याच पहिल्या शनिवारी सकाळी तपासणीही ठरली. आदल्या दिवसापर्यंत दुसरं काही सुचलं नाही, तेव्हा नॉर्बर्टने पहाटे सरळ उठून होडी आपल्या तपकिरी गाडीच्या टपावर बांधली. तपासणी होईपर्यंत तासाभराचा प्रश्न. पुढचं पुढे. आता गाडी लावायची कुठे? दारच्या उतारावर लावली तर येणाऱ्या मंडळींना आधी होडीच दिसणार. फाटकाबाहेर हमरस्ता. नॉर्बर्ट विचार करत होता, पण हात इतक्या वर्षांच्या सवयीने चाक फिरवतच होते, आणि गाडी मेपलखाली आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. त्याने होडीवर निळी ताडपत्री टाकली आणि स्वतःचं समाधान करून घेतलं, की ही आता होडी दिसत नाही.

तपासणीला ट्रॅमेलबाई आल्या, कोव्हाच आला, आणि अध्यक्षांची फजिती बघायला मिळेल या आशेने कॉफीचे पेले घेऊन अर्धी सोसायटी आली. नॉर्बर्ट जाकीट घालून दारात उभा. त्याने बटण दाबलं. दार सरसर वर गेलं. आत लख्ख झाडलेली फरशी आणि मधोमध मार्लीनची गाडी. लोकांचा हिरमोड झाला. मार्लीन मात्र गाडीच्या टपावरून हात फिरवत उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून नॉर्बर्टला एकदम वाटलं, की हे आपण फार पूर्वीच करायला हवं होतं.

"आदर्श!" ट्रॅमेलबाई म्हणाल्या. "प्रत्येकाने श्री. फेस्लर यांच्याकडून..."

त्यांचं वाक्य साखळ्यांच्या खणखणाटात बुडालं. सगळ्यांनी वळून पाहिलं. मेपलखाली उचलगाडी उभी होती आणि तपकिरी गाडीची पुढची चाकं हळूहळू अधांतरी जात होती. निळी ताडपत्री घसरून खाली पडली आणि सकाळच्या उन्हात सतरा फुटांची व्हार्निश केलेली होडी आकाशाकडे नाक करून झळकली.

"अहो! अहो, थांबा!" नॉर्बर्ट टेप सांभाळत धावला. "ती माझी गाडी आहे!"

उचलगाडीवाला लूथर हा शांत स्वभावाचा, सँडविच खात काम करणारा माणूस. त्याने नॉर्बर्टला ओळखलं आणि टोपीला हात लावला.

"नमस्कार चेअरमनसाहेब. तुमच्या नियमातच आहे सगळं. रहिवाशाची गाडी पाहुण्यांच्या जागेत. हे एक. होडी रेषेच्या बाहेर पुढेही गेलीय आणि मागेही. हे दुसरं. आणि वर, होडी. एकाच गाडीत तिन्ही. इतकी वर्षं धंद्यात आहे, पण असं पुण्य पहिल्यांदाच पदरात पडतंय."

"अरे बाबा, मीच तो अध्यक्ष! मीच तुला बोलावलं!"

"तेच तर. आणि तुम्हीच म्हणालात, सख्खा भाऊ असला तरी सोडायचं नाही." लूथर सँडविचचा घास घेत म्हणाला. "मला तुमचं ते बोलणं फार आवडलं होतं. घरी बायकोलाही सांगितलं."

मागून कोव्हाचने हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. होडी फाटकाबाहेर हमरस्त्याला लागली, नेमकी टर्की गेली होती त्याच वाटेने. नॉर्बर्ट चौकात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. जाकिटाच्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारी त्याला जप्तीच्या आवारात न्यायला दुसरं कुणी नाही, कोव्हाचच आला. तपकिरी गाडी सोमवारी सुटणार होती, पण होडी लूथरने टपावरून उतरवून ठेवली होती आणि ती लगेच हलवायची होती. सतरा फुटी होडी नेता येईल अशी मेपल रिजमध्ये आता एकच गाडी होती.

"बस," कोव्हाच म्हणाला. "आणि त्या जाकिटाचं काहीतरी कर. लोक मला रस्त्यावरचं काम समजून वळसा घालतील."

होडी पिकअपमध्ये चढवताना कोव्हाचने तिच्यावरून हात फिरवला. छपरं घालणाऱ्याचा हात, लाकडाची पारख असलेला.

"सुरेख झालीय रे फेस्लर. खरंच सांगतो. चल, असेच तळ्यावर जाऊ. मार्लीनला बोलावून घे. आजच पाण्यात सोडू."

नॉर्बर्ट पुन्हा पुन्हा तीच गाठ आवळत राहिला. कोव्हाचने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"का रे?"

"बुडाली तर?" नॉर्बर्ट हळूच म्हणाला. "अकरा वर्षं, रुडी. गॅरेजात आहे तोवर ती जगातली सगळ्यात चांगली होडी आहे. एकदा पाण्यात गेली की ती नुसती होडी. आणि मार्लीन आत बसलेली असणार. मला पोहायलाही येत नाही."

कोव्हाच हसला नाही. त्याने गाडी सुरू केली आणि तळ्याकडे न वळता घराकडे वळवली. मग म्हणाला, "खुर्ची हलवायला नको होती मी." नॉर्बर्ट म्हणाला, "जागा पाहुण्यांचीच होती." एवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

पण होडी ठेवायची कुठे? गॅरेजात आता मार्लीनची गाडी, आणि ती बाहेर काढा म्हणायची नॉर्बर्टची छाती नव्हती. अंगणात ठेवावी तर नियम. कोव्हाचचीसुद्धा होडी त्याच नियमापायी मेहुण्याच्या गोठ्यात जाऊन पडली होती. नॉर्बर्ट, मार्लीन आणि कोव्हाच ट्रॅमेलबाईंकडे गेले तेव्हा बाईंनी चष्मा लावून नियम पुन्हा वाचला.

"उघड्यावर होडी चालणार नाही, हे स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण होडीत माती घातली आणि फुलं लावली, तर ती होडी राहत नाही. ती कुंडी होते. फाटकाशी आपल्याला एक मोठी कुंडी हवीच होती."

"पण ती तळ्यासाठी..." नॉर्बर्ट म्हणाला आणि मार्लीनकडे वळला. "मी तुला शब्द दिला होता."

मार्लीनने त्याचा हात धरला. "नॉर्ब, मला होडी नको होती कधी. मला कोरडी काच हवी होती, ती तू दिलीस. झाला शब्द पुरा." मग म्हणाली, "आणि जिरॅनियमची फुलं लाल घे."

म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण नॉर्बर्टला आतून इतकं हायसं वाटलं की त्याने लगेच दुःखी चेहरा केला. पार्किंग समिती त्याच आठवड्यात बरखास्त झाली. मेपलखालची एक जागा लांब गाड्यांसाठी ठेवायची ठरलं, आणि तिथे पिकअप येईपर्यंत नॉर्बर्ट स्वतः खुर्ची मांडून बसू लागला.

मे महिन्यात होडी फाटकाशी विटांच्या ओट्यावर चढवण्याचा समारंभ झाला. सगळी सोसायटी जमली. जॉइससुद्धा आली, गाडी सरळ दाराशी लावून. नॉर्बर्टने छोटंसं भाषण केलं. ही होडी तळ्यावर गेली नाही याचं दुःख आहे, तो म्हणाला, पण गेली असती तर तिच्यात पाण्याचा एक थेंबही आला नसता, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणूनच आता अडचण आहे. पाणी आत साठून झाडांची मुळं कुजतील. तळाला भोकं पाडायलाच लागतील. काळजावर दगड ठेवून मी ते काम माझे मित्र श्री. कोव्हाच यांच्याकडे सोपवतो.

ट्रॅमेलबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. कोव्हाच ड्रिल घेऊन पुढे आला.

"पाणी कुठे साठतं ते आधी दिसायला हवं," तो म्हणाला. "मार्लीन, जरा पाणी ओत आत."

मार्लीनने नळी धरली. होडीत चार बोटं पाणी चढलं असेल नसेल, तोच विटांच्या ओट्यावरून एक ओघळ खाली आला. मग दुसरा. मग पुढच्या टोकाकडून, मागच्या टोकाकडून, मधून, सगळीकडून धारा लागल्या आणि जॉइसचे नवे बूट भिजले.

मार्लीनने नळी बंद केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे अकरा वर्षं तू माझा जीव वाचवत होतास," ती म्हणाली.

कोव्हाचने वाकून होडीचा तळ एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, ड्रिलची वायर गुंडाळली आणि नॉर्बर्टच्या खांद्यावर हात ठेवला.

"फेस्लर," तो म्हणाला, "अरे, हे काम तू आधीच उरकून ठेवलंयस. आणि भोकंसुद्धा काय सारख्या अंतरावर पाडलीस रे!"